एक वर्षाचा नियम आणि चाळीस वर्षांचे आयुष्य

सरकारी नियमांच्या रुक्ष भाषेत क्वचित एखादे वाक्य असे भेटते, की ते लिहिणाऱ्याच्या मनात कायद्याइतकीच करुणाही असावी असे वाटते. १९९२ च्या प्राणिसंग्रहालय मान्यता नियमांत असे एक वाक्य आहे. त्याचा आशय असा : कोणत्याही प्राण्यास एक वर्षाहून अधिक काळ जोडीदाराशिवाय ठेवू नये, तसे करण्यास रास्त कारण असेल किंवा प्राण्याचे प्रजननाचे वय उलटून गेले असेल तर गोष्ट वेगळी. वर्षभरात जोडीदार मिळाला नाही तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निर्देशानुसार त्या प्राण्याची अन्यत्र रवानगी करावी. २००९ च्या सुधारित नियमांतही हा विचार कायम राहिला.

नियम चांगला आहे. परंतु चांगला नियम आणि त्याची अंमलबजावणी यांमध्ये जी दरी असते, तिचा अभ्यास म्हणजेच प्रशासनाचा इतिहास. ही दरी किती रुंद असू शकते याची दोन उदाहरणे आपल्या जवळची आहेत. एकाची सुरुवात पुण्यात झाली आणि दुसरे म्हैसूरमध्ये घडले. बंगळूरमध्ये राहणारी मराठी कुटुंबे गावाकडचे पाहुणे आले की त्यांना हमखास म्हैसूरला नेतात. राजवाडा, चामुंडी टेकडी आणि प्राणिसंग्रहालय असा तो ठरलेला क्रम असतो. त्यामुळे यांतले दुसरे उदाहरण अनेक वाचकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असणार.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीत 'वानर' म्हटले की काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे माकड डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले प्राणी शेपटी नसलेले आहेत. गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान या माणसाच्या निकटच्या आप्तांना येथे 'महाकपी' म्हटले आहे. 'ओरांगउटान' या मलय शब्दाचा अर्थ वनातला माणूस. आपल्याकडचा 'वनमानुष' हा शब्द नेमका तोच अर्थ सांगतो. पहिले तिघे आफ्रिकेतले, चौथा बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरचा. यांतला एकही भारताच्या जंगलात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. म्हणजे आपल्याकडचा प्रत्येक महाकपी एक तर कोणी तरी निर्णय घेऊन बाहेरून आणलेला असतो, किंवा तशा आणलेल्यांच्या पोटी येथे जन्मलेला असतो. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आता ती दोन उदाहरणे. बिन्नी नावाची ओरांगउटान मादी पुण्याच्या प्राणिसंग्रहालयातून २० नोव्हेंबर २००३ रोजी ओडिशातील भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात नेण्यात आली. तेव्हा तिचे वय सुमारे २५ वर्षे होते. मे २०१९ मध्ये ४१ व्या वर्षी ती तेथेच मरण पावली. अखेरच्या वर्षांत 'भारतातील एकमेव ओरांगउटान' अशीच तिची ओळख वर्तमानपत्रे करून देत असत. पोलो नावाचा गोरिला १९९५ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातून म्हैसूरला आला आणि २०१४ मध्ये ४२ व्या वर्षी वारला. तोही 'भारतातील एकमेव गोरिला'. त्याच्यासाठी जोडीदारीण मिळवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालले, देशोदेशींच्या प्राणिसंग्रहालयांशी पत्रव्यवहार झाला, बातम्या आल्या. जोडीदारीण मात्र आली नाही.

'एकमेव' हे विशेषण आपण गौरवाने वापरतो. ताजमहाल एकमेव आहे. कळपात, कुटुंबात राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हेच विशेषण गौरवाचे राहत नाही. येथे एक शास्त्रीय बारकावा नोंदवणे न्यायाचे ठरेल. चारही महाकपींचे एकटेपण सारखे नसते. गोरिला एका प्रौढ नराभोवती अनेक माद्या आणि पिल्ले अशा कुटुंबात राहतो. चिंपांझींचे समूह मोठे असून ते सतत फुटतात आणि पुन्हा जुळतात. ओरांगउटानचा प्रौढ नर जंगलात बहुतेक काळ एकटाच वावरतो. मादी मात्र वर्षानुवर्षे पिल्लासोबत असते, कारण तिच्या दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचे अंतर असते. तेव्हा बिन्नीचे एकटेपण आणि पोलोचे एकटेपण एकाच मापाने मोजता येणार नाही. परंतु एका वर्षाच्या नियमाशी ताडून पाहिले तर दोन्ही प्रकरणे एकाच प्रश्नाकडे नेतात : नियम होता, सदिच्छा होती, पत्रव्यवहारही होता, मग अडले कोठे?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे प्राणी बाळगण्याची परंपरा राजवैभवाची आहे. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात कमाटी बागेत १८७९ मध्ये प्राणिसंग्रहालय उभे राहिले. मुंबईच्या राणीच्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी आयुष्यातला पहिला वाघ पाहिला. बंगळूरच्या लालबागेतही एकेकाळी प्राणी ठेवले जात. तेथला जुना कबुतरखाना त्या काळाची खूण म्हणून अजून उभा आहे. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ चे. दहावे चामराजेंद्र वोडेयर यांच्या काळात राजवाड्याच्या मालकीच्या सुमारे दहा एकर जागेत ते सुरू झाले आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले.

राजाच्या संग्रहात प्राणी हा वैभवाचा नमुना असतो. दरबारात एक गेंडा असला की पुरतो. दुसरा असण्याने वैभव दुप्पट होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रदर्शनाच्या दृष्टीने पहिल्या नमुन्याची उपयोगिता फार मोठी असते आणि दुसऱ्याची अगदी थोडी. या हिशेबातूनच 'प्रत्येक जातीचा एक' असा संग्रह तयार होतो. राज्ये गेली, संग्रहालये सरकारांकडे आणि नगरपालिकांकडे आली, तरी हिशेब बराच काळ तोच राहिला. फरक एवढाच, की राजाच्या खतावणीऐवजी प्राण्याची नोंद सरकारी नोंदवहीत होऊ लागली. कार्यालयात टेबल-खुर्च्यांसाठी जडवस्तू नोंदवही असते. अमुक वस्तू अमुक तारखेस प्राप्त, अमुक तारखेस निर्लेखित. प्राण्यांची नोंदवही निराळी असली तरी तिच्यामागची दृष्टी पुष्कळदा त्याच जातीची होती. प्राणी हा एका संस्थेच्या मालकीचा एक नग होता.

म्हैसूरचा प्रशासकीय प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४८ मध्ये ते राजवाड्याकडून राज्य सरकारच्या उद्यान खात्याकडे गेले. प्राणिसंग्रहालय म्हणजे झाडांबरोबर प्राणीही असलेली बाग, ही त्या वेळची समजूत या वाटपात स्पष्ट दिसते. १९७२ मध्ये, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच वर्षी, ते वन खात्याकडे आले. १९७९ मध्ये कर्नाटकाने प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशात असा प्रयोग करणारे ते पहिले राज्य. गल्ल्यावर जमलेले प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत जाऊन हरवण्याऐवजी प्राण्यांवर खर्च करता येणे हा या स्वायत्ततेचा मोठा लाभ. केंद्रीय पातळीवर १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. एक वर्षाचा नियम हे त्याच सुधारणेचे अपत्य.

म्हणजे पोलो म्हैसूरला आला तेव्हा नियम तीन वर्षांचा होता आणि प्राधिकरणही. यंत्रणा अगदीच नव्हती असे म्हणता येत नाही. मग जोडीदारीण का मिळू नये? याचे कारण भारताबाहेर, याच काळात बदललेल्या एका व्यवस्थेत आहे.

पाश्चात्त्य देशांतही महाकपींच्या पालनाचा आरंभ अत्यंत क्रूर होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३७ मध्ये जेनी नावाची ओरांगउटान आणली गेली. पुढल्या वर्षी तरुण चार्ल्स डार्विन तिला पाहून आला. १८३९ मध्ये ती मेली आणि तिच्या जागी दुसरी आणण्यात आली. शंभरएक वर्षे हाच क्रम होता. प्राणी मेला की जंगलातून दुसरा आणायचा. एक पिल्लू पकडायचे तर त्याच्या आईला, आणि गोरिलांच्या बाबतीत पुष्कळदा आड येणाऱ्या इतर मोठ्यांनाही, मारावे लागे. पिंजऱ्यात दिसणाऱ्या एका पिल्लामागे जंगलात किती मृत्यू झाले, हे तिकीट काढणाऱ्याला कधीच कळत नसे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे ज्याची किंमत ना विक्रेता देतो ना ग्राहक, त्याचे याहून भीषण उदाहरण शोधावे लागेल.

बंदिवासातला पहिला गोरिला २२ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयात जन्मला. तिचे नाव कोलो. २०१७ मध्ये ६० वर्षे पूर्ण करून ती गेली. युरोपात स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९५९ मध्ये गोमाचा जन्म झाला. या दोघींना माणसांनी बाटलीच्या दुधावर वाढवले. गोमाला तर संचालकांनी स्वतःच्या घरी ठेवून. कारण त्यांच्या आया लहानपणीच जंगलातून पकडून आणलेल्या होत्या. मूल कसे धरायचे, कसे पाजायचे हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. येथे एक मोठा धडा मिळाला. महाकपींमध्ये मातृत्व केवळ उपजत नसते. ते मोठ्यांच्या सहवासात पाहून शिकावे लागते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी का पाठवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. १९६१ मध्ये बाझललाच जन्मलेला जांबो मात्र आईनेच वाढवला. हाच जांबो पुढे जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि १९८६ मध्ये त्याच्या आवारात पडून बेशुद्ध झालेल्या लहान मुलाजवळ पहारा देत उभा राहिला. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि गोरिला म्हणजे राक्षस ही समजूत बरीचशी ओसरली.

दुसरा धडा हिशेबाचा होता. १९७५ मध्ये संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सायटिस म्हणतात, अमलात आला. महाकपींच्या व्यापाराचा मार्ग बंद झाला आणि जंगलातून भरपाई करण्याची सोय संपली. आता जे प्राणी आहेत त्यांतूनच पुढची पिढी यायला हवी होती. परंतु एकेका संग्रहालयात दोन-चार प्राणी. त्यांनी आपापल्या कुंपणात प्रजनन केले असते तर दोन-तीन पिढ्यांत सारे जवळचे नातलग झाले असते. म्हणून वंशावळीच्या नोंदवह्या आल्या. गोरिलांची आंतरराष्ट्रीय नोंदवही दीर्घकाळ जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाने सांभाळली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या आपल्याला परिचित आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये पणजोबांची सही काढून दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी हेच काम घरोघर फिरून करीत आले. गोरिलांची नोंदवही याच जातकुळीची आहे : कोणाचा जन्म कोठे, आई कोण, बाप कोण, पुढे रवानगी कोठे. सोयरीक जुळवण्यापूर्वी सगोत्र पाहावे तसे या वहीत पाहून जोड्या ठरतात.

ही वही नसेल तर काय होते याचेही उदाहरण आहे. बोर्निओ आणि सुमात्रा येथील ओरांगउटान भिन्न आहेत हे पूर्वी कोणी फारसे मनावर घेत नसे. दोन्हीकडच्या प्राण्यांच्या जोड्या लागल्या आणि संकरित पिल्ले झाली. १९८० च्या दशकात जनुकीय फरक ध्यानात आल्यावर असे प्रजनन थांबवण्यात आले. पण जन्मलेल्या पिल्लांचे काय? ती कोणत्याच वंशाच्या योजनेत बसत नव्हती. नोंद नीट न ठेवण्याचा दंड त्या पिल्लांना जन्मभर भोगावा लागला.

अमेरिकेत १९८१ पासून आणि युरोपात १९८५ पासून या वह्यांवर आधारलेले सहकारी प्रजनन कार्यक्रम सुरू झाले. त्यांतला क्रांतिकारक विचार प्राणिशास्त्रापेक्षा प्रशासनाचा अधिक आहे. प्राणी कागदोपत्री कोणाचाही असो, त्याने कोठे राहावे आणि कोणाशी जोडी करावी हे मालकाने एकट्याने ठरवायचे नाही. ते त्या जातीसाठी नेमलेला समन्वयक आणि त्याची समिती सुचवणार, आणि सहभागी संस्थांनी ते मानायचे. गोरिलाला बाजारभाव उरला नाही. तो विकत मिळत नाही आणि अदलाबदलीतही मिळत नाही. मालकी आणि व्यवस्थापन यांची अशी फारकत आपल्याकडच्या सहकारी चळवळीत मुरलेल्या मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये.

आता पोलोच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. आपण जोडीदारीण मागत होतो ती जुन्या पद्धतीने, म्हणजे एका संग्रहालयाने दुसऱ्याला पत्र लिहून. आपल्याकडची देवाणघेवाण बराच काळ वस्तुविनिमयासारखी चालली : तुम्ही जिराफ द्या, आम्ही वाघ देतो. वस्तुविनिमयातली अडचण अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. दोन्ही पक्षांना नेमके समोरच्याकडचेच हवे असले पाहिजे. आणि गोरिलांच्या बाबतीत तर हा बाजारच उठला होता. समन्वयकाच्या दृष्टीने प्रश्न 'म्हैसूरला मादी हवी आहे का' हा नसून 'ही मादी म्हैसूरला पाठवल्याने एकूण वंशाचे भले होईल का' हा होता. एकाकी, वयस्क नर आणि जवळपास हजारो मैलांत दुसरा गट नाही, अशा ठिकाणी प्रजननक्षम मादी पाठवण्यास होकार मिळणे मुळातच कठीण होते.

एक वर्षाच्या नियमातली उणीव येथे उघड होते. नियमाने जबाबदारी टाकली ती प्रत्येक संग्रहालयावर. जोडीदार देण्याचे सामर्थ्य मात्र त्या संग्रहालयाच्या हाती नव्हते. 'अन्यत्र रवानगी करावी' हे ठीक, पण देशात अन्यत्र गोरिलाच नव्हते. ज्याच्या हाती उपाय नाही त्याला मुदत घालून देणे हा प्रशासनातला जुना दोष आहे. अशा मुदती कागदावर पाळल्या जातात, म्हणजे दरवर्षी 'प्रयत्न चालू आहेत' असे उत्तर जाते. उत्तर खरे असते आणि तरीही निष्फळ असते.

पोलोच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी चित्र बदलले. ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीतून थाबो आणि डेम्बा हे दोन गोरिला म्हैसूरला आले. थाबो तेव्हा १४ वर्षांचा होता आणि डेम्बा ८ वर्षांचा. त्यांच्यासाठी इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्याने नवे आवार बांधण्यात आले होते. त्याच वर्षी मलेशिया आणि सिंगापूर येथून चार ओरांगउटानही आले. बिन्नी गेल्यावर दोन वर्षांतच भारतात पुन्हा ओरांगउटान दिसू लागले, आणि या वेळी एकटे नव्हेत.

थाबो आणि डेम्बा दोघेही नर आहेत. 'एवढा खर्च करून दोन नरच का आणले?' असा प्रश्न म्हैसूरला जाणारे पाहुणे विचारतात आणि तो स्वाभाविक आहे. उत्तर साधे आहे. गोरिलांमध्ये नर आणि मादी साधारण समसमान जन्मतात, पण कुटुंबात प्रौढ नर एकच असतो. मग उरलेल्या नरांचे काय करायचे? जंगलात असे तरुण नर काही काळ एकटे किंवा नरांच्या टोळीत राहतात. संग्रहालयांनीही तीच वाट धरली आणि नरांचे स्वतंत्र गट केले. त्यांना सांभाळणे हे प्रजननाइतकेच आवश्यक, पण कमी कौतुकाचे काम आहे. पिल्लू जन्मले की छायाचित्र छापून येते. दोन तरुण नर सलोख्याने राहिले तर बातमी होत नाही. परंतु ज्या संस्थेला पुढे कुटुंब सांभाळायचे आहे, तिने आधी हे काम करून दाखवणे योग्यच. म्हैसूरचे स्थान आता 'एक नमुना बाळगणारी बाग' याऐवजी 'एका मोठ्या वंशाचा भार उचलणारी संस्था' असे होऊ लागले आहे. पोलोला जे मिळाले नाही ते या दोघांना मिळाले, ते एकमेकांच्या रूपाने.

हा बदल समाधानकारक असला तरी सर्वत्र झालेला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यातील एका वन्यजीव तस्करीच्या प्रकरणात तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली जप्त केली. त्यांची किंमत ८१ लाख रुपये धरण्यात आली. प्रत्येक चिंपांझीचे २५ लाख आणि प्रत्येक मार्मोसेटचे दीड लाख. चिंपांझी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले. परदेशी प्राणी तेव्हा वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत नव्हते, त्यामुळे बंगला किंवा बँकेतील ठेव जप्त करावी तसे त्यांना जप्त करणे हाच हाताशी असलेला मार्ग होता. अधिकाऱ्यांनी उपलब्ध कायद्याचा कल्पक उपयोग केला यात शंका नाही. तरीही जिवंत महाकपीचे मूल्यांकन 'मालमत्ता' म्हणून करावे लागले, हे आपल्या कायद्यातील पोकळीचे लक्षण होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती पोकळी बरीचशी भरून काढली. १ एप्रिल २०२३ पासून सायटिसमधील परदेशी जातींनाही कायद्यात स्वतंत्र अनुसूची मिळाली आणि ते बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले.

येथे आणखी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. भारताने आफ्रिकेतले गोरिला सांभाळावेतच कशासाठी? १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने देशातील जैवविविधतेच्या संरक्षणास हातभार लावणे हे मुख्य उद्दिष्ट मानले आहे. आपल्या देशात महाकपी नसला तरी कपी आहे. ईशान्येच्या अरण्यांत राहणारा हूलॉक गिबन हा लघुकपी. नर-मादी जोडीने राहतात, सकाळी जोडीने साद घालतात, आणि सहसा जमिनीवर उतरत नाहीत. आसाममधील होलोंगापार अभयारण्यातून रेल्वेमार्ग जातो, आणि झाडांची सलगता तुटल्यामुळे रुळाच्या एका बाजूचे गिबन दुसऱ्या बाजूला सहज जाऊ शकत नाहीत. दोन ओळींच्या लोखंडाने एका वंशाची वाटणी केली. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जनुकीय पुराव्यावरून सांगितले, की भारतात गिबनच्या दोन जाती असल्याची समजूत बरोबर नाही. येथे एकच जात आहे. जोड्या ठरवणाऱ्या नोंदवहीसाठी हे ज्ञान अमोल आहे. म्हैसूरच्या गोरिलाभोवती रविवारी जेवढी गर्दी होते तिच्या शतांश लक्ष या गिबनकडे जात नाही.

हा आक्षेप मला वजनदार वाटतो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष 'परदेशी प्राणी नकोत' एवढाच असावा असे नाही. गोरिला सांभाळताना जी शिस्त अंगी बाणवावी लागते, म्हणजे चोख वंशावळ, संस्थांमधील सहकार, प्रशिक्षित आणि टिकून राहणारे कीपर, तीच गिबनलाही हवी आहे. हरियाणातील पिंजोर येथे २००१ पासून गिधाडांसाठी चाललेल्या प्रजनन केंद्राने दाखवून दिले, की भारतीय संस्थाही दीर्घकाळ धीराने असे काम करू शकतात. परक्या पाहुण्यासाठी शिकलेला स्वयंपाक घरच्यांनाही वाढायला हवा, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे काळाकडे येऊ. प्रशासनाचे घड्याळ आणि महाकपीचे घड्याळ वेगवेगळे चालते. अर्थसंकल्प एका वर्षाचा, अधिकाऱ्याची नेमणूक साधारण दोन-तीन वर्षांची, सरकार पाच वर्षांचे. देणगीदार कंपनीचा सामाजिक दायित्व निधी त्या त्या वर्षीच्या नफ्यावर अवलंबून. आवार बांधून देणे आणि त्यावर नावाची पाटी लावणे सोपे असते. तीस वर्षांनंतरच्या पशुवैद्याचा पगार कोणी देणगीत देत नाही. प्रवेशशुल्काचेही तसेच. २०२० मध्ये महामारीमुळे दरवाजे बंद झाले तेव्हा गल्ला रिकामा राहिला, पण प्राण्यांची भूक काही टाळेबंदीत थांबली नाही. त्या वेळी नागरिकांना मदतीचे आवाहन करावे लागले.

एक साधा हिशेब मांडू. २०२१ मध्ये डेम्बा आठ वर्षांचा होता. त्या वर्षी पंचविसाव्या वर्षी सेवेत आलेला एखादा अधिकारी साठाव्या वर्षी, म्हणजे २०५६ मध्ये, निवृत्त होईल. तेव्हा डेम्बा ४३ वर्षांचा असेल. पोलो गेला तेव्हा ४२ वर्षांचा होता. म्हणजे एका अधिकाऱ्याची संपूर्ण कारकीर्द, प्रशिक्षणापासून निवृत्तिवेतनापर्यंत, एका गोरिलाच्या उरलेल्या आयुष्याएवढी आहे. त्या काळात त्याच्या फाईलवर किती सह्या होतील याची कल्पना केलेली बरी. प्रत्येक नवा अधिकारी ती फाईल प्रथमपासून वाचणार. गोरिला मात्र पहिल्या दिवसापासूनचे सर्व काही लक्षात ठेवून असणार.

यातून मला जे सुचते ते तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली, एक वर्षाचा नियम प्राणी आल्यानंतर लागू होण्याऐवजी येण्यापूर्वी लागू व्हावा. जोडीदार किंवा गट कोठून येणार, आणि त्यातला एक मेला तर दुसऱ्याची सोय काय, याचे लेखी उत्तर असल्याशिवाय परदेशी महाकपीला परवानगी नसावी. दुसरी, ज्या जातीची वंशावळ नोंदवही कोठेतरी अस्तित्वात आहे तिच्या सहकारी कार्यक्रमात आपण पूर्ण सदस्य म्हणून सामील व्हावे. एकेकट्या पत्रांचा काळ संपला. तिसरी, आवाराच्या बांधकामासाठी देणगी घेताना त्यासोबत कायम निधीही घ्यावा, ज्याच्या व्याजातून प्राण्याच्या आयुष्यभराचा खर्च भागेल. आपल्या जुन्या देवस्थानांना दानशूरांनी केवळ देऊळ बांधून दिले नाही, नंदादीपाच्या तेलासाठी जमीनही लावून दिली. दिवा लावणाऱ्याच्या पश्चात तो तेवत राहावा ही त्यामागची समज होती.

१९९२ चे ते वाक्य लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही. नियमांखाली लेखकाचे नाव छापत नाहीत. त्याने एकट्या जिवाची बाजू मांडली हे मात्र खरे. आता राज्यकर्ते, अधिकारी, देणगीदार आणि तिकीट काढणारे आपण सर्व, यांनी त्या वाक्याला त्याच्या आयुष्याएवढी मुदत द्यायची आहे. कारण म्हैसूरच्या त्या आवारात २०५६ साली कोण असेल हे आजच बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्याची काळजी घेणारी संस्था तेव्हा कशी असेल, एवढेच ठरायचे आहे.